कमांड तुमची, मशीन दुसरीकडचं

मागच्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की खुर्चीवरून न उठता लांबच्या कॉम्प्युटरवर कमांड चालवता येते, तर त्यावरच इतके प्रश्न आलेत की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. आधी एक सांगून ठेवते, कमांड मी इथे आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, आणि लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो ते विसरू नका.

प्रश्न: ताई, आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ४० विंडोज मशीन आहेत आणि एखादं सॉफ्टवेअर टाकायचं म्हटलं की मी पेन ड्राइव्ह घेऊन एकेका मशीनपाशी जातो. कुणी म्हणालं पीएसएक्झेक वापर, कुणी म्हणालं पॉवरशेल. पीएसएक्झेक ट्राय केलं तर एका मशीनवर 'ॲक्सेस इज डिनाइड' आलं, पासवर्ड बरोबर होता. दुसऱ्यावर टेस्ट म्हणून नोटपॅड उघडायला सांगितलं तर तिथे स्क्रीनवर काहीच दिसेना आणि माझी विंडो मात्र अडकून बसली. काय वापरू?

पीएसएक्झेक म्हणजे मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेलं छोटंसं टूल, सिसइंटर्नल्स नावाच्या विंडोज टूल्सच्या संचातलं, आणि २००६ मध्ये तो सगळा संचच मायक्रोसॉफ्टकडे गेला. ते करतं काय, तर तुमच्या ॲडमिन लॉगिनच्या जोरावर समोरच्या मशीनच्या ॲडमिन शेअरमध्ये एक फाइल टाकतं, ती सर्व्हिस म्हणून सुरू करतं, आणि ती सर्व्हिस तुमची कमांड चालवून आउटपुट तुमच्याकडे पाठवते. समोर आधी काही इन्स्टॉल करायला लागत नाही हे त्याचं सुख. पण फाइल शेअरिंगचं ४४५ पोर्ट उघडं पाहिजे आणि ॲडमिनचे हक्क नुसते नावाला असून चालत नाहीत. तुमचं 'डिनाइड' बहुतेक तिथलंच आहे: मशीन डोमेनमध्ये (म्हणजे सगळ्या मशीनची खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या व्यवस्थेत) नसेल आणि तुम्ही त्याच मशीनवरचं लोकल ॲडमिन खातं वापरत असाल, तर नेटवर्कवरून आलेल्या अशा खात्याचे ॲडमिन हक्क विंडोजचं यूएसी (ॲडमिन हक्कांवरचा पहारेकरी) गुपचूप काढून घेतं. पासवर्ड बरोबर, माणूस बरोबर, तरी दारातून परत.

नोटपॅडचं म्हणाल तर ते उघडलं होतं! व्हिस्टापासून विंडोजच्या सर्व्हिसेस वेगळ्या सेशनमध्ये चालतात, सेशन शून्यमध्ये, आणि खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डेस्कटॉप दुसऱ्या सेशनमध्ये असतो. त्यामुळे ते नोटपॅड टास्क मॅनेजरमध्ये दिसेल पण डोळ्यांना दिसणार नाही, आणि ते बंद होईपर्यंत तुमची कमांड वाट बघत बसणार. डॅश आय लावलं तर समोरच्याच्या डेस्कटॉपवर उघडतं. पण मुद्दा नोटपॅडचा नाहीये, मुद्दा हा की उद्या तुम्ही सेटअप चालवाल आणि तो सेटअप कुणालाच न दिसणाऱ्या खिडकीत 'नेक्स्ट दाबा' म्हणून ताटकळत राहील. म्हणून रिमोटवर काहीही इन्स्टॉल करताना त्याचा सायलेंट स्विच आधी शोधून ठेवायचा, एमएसआय फाइल असेल तर एमएसआयएक्झेकला स्लॅश क्यूएन द्यायचं की झालं.

आता माझं मत विचाराल तर ४० मशीन असताना पॉवरशेल, म्हणजे विंडोजचाच कमांड चालवणारा शेल, त्याचं रिमोटिंगच लावा. ते २००९ मध्ये पॉवरशेल २ बरोबर आलं. प्रत्येक मशीनवर एकदाच ॲडमिन म्हणून 'एनेबल-पीएसरिमोटिंग' चालवायचं (हो, तेवढी एक शेवटची फेरी मारावीच लागेल, डोमेन असेल तर ग्रुप पॉलिसीने तीही वाचते), मग तुमच्या मशीनवरून 'इन्व्होक-कमांड' ला मशीनच्या नावांची यादी आणि महिरपी कंसात कमांड द्यायची. एका वेळी ३२ मशीनवर एकदम जातं, बाकीची आठ रांगेत थांबतात, आणि उत्तरात कुठल्या मशीनचं कुठलं हेही लिहून येतं. पोर्ट ५९८५, सर्टिफिकेट लावून एचटीटीपीएस केलंत तर ५९८६. डोमेन नसेल तर तुमच्या मशीनवरच्या ट्रस्टेडहोस्ट्समध्ये ती नावं घालावी लागतात, नाहीतर ते कनेक्टच करत नाही.

दोन ठिकाणी तुम्ही अडकणार हे मी आत्ताच सांगते. एक, तुमच्या मशीनवर बनवलेलं व्हेरिएबल महिरपी कंसाच्या आत रिकामं निघतं, कारण कंसातला मजकूर तिकडे जाऊन चालतो आणि तिकडे त्या नावाचं काही नसतंच. त्याला डॉलरनंतर 'यूजिंग:' लावून नाव लिहायचं, मग किंमत बरोबर जाते. दुसरं म्हणजे, सेटअपची फाइल सर्व्हरच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवून 'तिथून चालव' म्हणालात तर परत 'ॲक्सेस इज डिनाइड', आणि तुम्ही म्हणाल मी तर ॲडमिन आहे! झालं असं की तुम्ही लॅबच्या मशीनवर गेलात, तुम्ही कोण ते त्याला पटलं, पण तुमची ओळख पुढे तिसऱ्या मशीनला, म्हणजे सर्व्हरला, दाखवायचा अधिकार त्याला तुम्ही दिलेला नाही. याला डबल हॉप म्हणतात. तो अधिकार देता येतो, पण लॅबसाठी कशाला ती भानगड, आधी 'कॉपी-आयटम' ने फाइल प्रत्येक मशीनवर टाका आणि मग तिथल्या तिथे चालवा.

प्रश्न: सर्व्हरवरचे जुने लॉग उडवायला मी एसएसएच सर्व्हर२ सीडी /व्हार/लॉग/जुने; आरएम *.लॉग अशी कमांड दिली. सर्व्हरवरच्या फाइली जशाच्या तशा आहेत आणि माझ्या लॅपटॉपवर ज्या फोल्डरमध्ये उभा होतो तिथले सगळे लॉग गेले!! माझं मशीन हॅक झालंय का?

नाही हो, हॅक वगैरे काही नाही, तो सेमीकोलन आहे.

हे जरा सावकाश वाचा, कारण मला आलेल्या निम्म्या पत्रांचं उत्तर यातच आहे. तुम्ही एंटर मारता तेव्हा ती ओळ आधी एसएसएचला (लांबच्या मशीनवर कमांड सुरक्षित पोचवणाऱ्या प्रोग्रामला) मिळतच नाही, आधी ती तुमच्या लॅपटॉपवरचा शेल, म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम, वाचतो. त्याला सेमीकोलन दिसला की तो म्हणणार इथे एक कमांड संपली, पुढची वेगळी. मग एसएसएच सर्व्हरवर गेलं, तिथे सीडी केलं, म्हणजे फोल्डर बदललं, काम संपलं म्हणून बाहेर आलं आणि ते सीडी तिथेच विरून गेलं. मग शेलने दुसरी कमांड घेतली, आरएम, आणि ती चालवली जिथे तो स्वतः आहे तिथे, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर. त्याने तुम्ही सांगितलं तेच केलं.

जे सेमीकोलनचं तेच दोन अँड, पाइप, मोठ्याचं चिन्ह, चांदणी आणि डॉलर यांचं. कोटमध्ये, म्हणजे अवतरण चिन्हांत, नसतील तर इकडचा शेल त्यांना खाऊन टाकतो. आणि डबल कोट पुरत नाही! एसएसएच सर्व्हर२ "इको $होस्टनेम" करून बघा, नाव तुमच्या लॅपटॉपचं येईल, कारण डबल कोटमध्ये डॉलर इकडेच उलगडतो. सिंगल कोट लावा, नाव सर्व्हरचं येईल. मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी हेच करायला लावते, दोन मिनिटांचं काम आहे पण जन्मभर पुरतं.

कधीकधी इकडे घडायलाच हवं असतं बरं का. एसएसएच सर्व्हर२ डीएफ > डिस्क.टीएक्सटी केलं की कमांड तिकडे चालते आणि फाइल इकडे बनते, छानच की. पण दोन जीबीचा लॉग 'कॅट' करून पाइपच्या पुढे ग्रेप (हव्या त्या ओळी शोधणारी कमांड) इकडे लावलं तर अख्खे दोन जीबी नेटवर्कवरून ओढत आणणार आणि मग त्यातल्या चार ओळी दाखवणार, तेच ग्रेप कोटच्या आत टाकलं तर फक्त त्या चार ओळी येतात.

आणि एवढ्यावर संपत नाही, ओळ दोनदा वाचली जाते. एसएसएच तुमचे सगळे शब्द मध्ये एकेक स्पेस घालून एका ओळीत जोडतं आणि तिकडच्या शेलला देतं, तो परत पहिल्यापासून वाचायला बसतो. त्यामुळे नावात स्पेस असलेली फाइल तुम्ही इकडे कोटमध्ये लिहिली तरी तिकडे पोचेपर्यंत कोट गळून पडलेला असतो आणि तिकडे ती दोन फाइली होतात. कोटच्या आत कोट घालून सुटतं, पण ऑक वगैरे आलं की कोटांची अशी काही गुंतवळ होते की मी तर सरळ सोडून देते. त्यापेक्षा सगळ्या कमांड एका फाइलमध्ये लिहा आणि एसएसएच सर्व्हर२ बॅश डॅश एस < काम.एसएच अशी ती फाइल तिकडच्या बॅशला, म्हणजे तिकडच्या शेलला, पाजा. इकडचा शेल त्या फाइलच्या आत डोकावतसुद्धा नाही.

तुमच्या कमांडमध्ये अजून एक खड्डा आहे. कोट लावून ती नीट तिकडे गेली असती आणि तिकडे तो 'जुने' फोल्डरच नसता तर? सीडी फसलं असतं, सेमीकोलनला त्याचं सोयरसुतक नाही, आणि आरएम तुमच्या होम फोल्डरमध्ये चाललं असतं. म्हणून सेमीकोलनच्या जागी दोन अँड, आणि पहिल्यांदा आरएमच्या जागी एलएस लिहून यादी बघायची, मगच आरएम.

प्रश्न: सर्व्हरच्या नावांची फाइल केली, व्हाइल लूपमध्ये एकेक नाव वाचून एसएसएच करतो. पहिल्या सर्व्हरवर काम होतं आणि लूप संपतो, एरर काही नाही. फाइलमध्ये १२ नावं आहेत.

बाकीची ११ नावं एसएसएचने खाल्ली. लूप ज्या इनपुटमधून नावं वाचतो तेच इनपुट एसएसएचलाही मिळतं, आणि ते बिचारं इमानदारीत सगळं उचलून पहिल्या सर्व्हरवर पाठवतं. एसएसएचला डॅश एन द्या, सुटेल.

लूपच लावताय तर बॅचमोड यस आणि कनेक्टटाइमआउट ५ हेही ऑप्शन द्या, नाहीतर एखादा सर्व्हर पासवर्ड विचारत किंवा उत्तरच न देता रात्रभर तुमचा लूप धरून ठेवेल. आणि प्रत्येक फेरीनंतर एक्झिट कोड बघत जा: तिकडच्या कमांडचा जो कोड असतो तोच एसएसएच परत देतं, पण २५५ आला तर बहुतेक वेळा कनेक्शनच झालेलं नसतं. 'काम फसलं' आणि 'पोचलोच नाही' यातला फरक सकाळी चहाच्या आधी कळलेला बरा. सर्व्हर वाढत गेले तर लूप सोडा आणि ॲन्सिबल शिका, तेही आतून एसएसएचच वापरतं, फक्त हिशोब नीट ठेवतं.

प्रश्न: सर्व्हरवर लॉगिन करून कमांड दिली की चालते, तीच एसएसएचच्या ओळीत बाहेरून दिली की 'कमांड नॉट फाउंड'. असं का?

लॉगिन केल्यावर तिकडचा शेल तुमची प्रोफाइल फाइल वाचतो, पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्याची यादी) लावतो, एलियास (कमांडची टोपणनावं) लावतो. बाहेरून एकच कमांड दिली की तो लॉगिन शेल नसतो, प्रोफाइल वाचत नाही, आणि बॅशआरसी ही बॅशची दुसरी सेटिंगची फाइल वाचली तरी उबुंटू-डेबियनवर त्या फाइलच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की समोर माणूस बसलेला नसेल तर इथूनच परत फिर. म्हणून कमांडचा पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरसकट पत्ता, लिहा. ते अगदीच जमत नसेल तर बॅश डॅश एलसी आणि पुढे कोटमध्ये कमांड. सुडो (ॲडमिन म्हणून कमांड चालवणारं) पासवर्ड विचारायला टर्मिनल नाही म्हणून रडत असेल तर त्याचा इलाज वेगळा, एसएसएचला डॅश टी द्या.

प्रश्न: ताई मी सेकंड इयरला आहे, आम्हाला टेलनेट शिकवतात आणि सर म्हणतात परीक्षेला येतं. टेलनेटनेही कमांड चालते मग एसएसएच कशाला? आणि २२ नंबरच का?

परीक्षेला येतं म्हणून शीक, पण खऱ्या सर्व्हरवर लावू नकोस. टेलनेट १९६९ सालचं, तेव्हा नेटवर्कवर मोजकी मशीन आणि त्यावर ओळखीची माणसं. त्यात पासवर्ड उघडा जातो, मधल्या वाटेवर कान लावून बसलेल्याला एकेक अक्षर वाचता येतं. नंतर आरलॉगिन आणि आरएसएच आले, १९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये, ते तर समोरच्या मशीनच्या नावावर विश्वास ठेवून पासवर्डही मागायचे नाहीत.

मग १९९५ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असाच कान लावून पासवर्ड गोळा केले, आणि तिथल्या तातू युलोनेन यांनी वैतागून एसएसएच लिहिलं. त्यांना ते टेलनेटच्या आणि एफटीपीच्या जागी वापरायचं होतं, टेलनेटचं पोर्ट २३, एफटीपीचं २१, मधलं २२ रिकामं होतं. त्यांनी नंबर वाटणाऱ्या संस्थेला ईमेल करून मागितलं आणि दुसऱ्या दिवशी मिळालं. आज एवढ्या सहज काही मिळत नाही ग. आपण सगळे वापरतो ते ओपनएसएसएच मात्र ओपनबीएसडीवाल्यांचं, १९९९ पासूनचं, आणि आता विंडोज १० मध्येही येतं, त्यामुळे घरच्या लॅपटॉपवर प्रॅक्टिस करायला तुला वेगळं काही लागणार नाही.

प्रश्न: डेटाबेसचा बॅकअप लावला होता, तीन तास चालतो. मध्येच वायफाय गेलं, परत लॉगिन केलं तर बॅकअप अर्धवट मेलेला. आता रात्रभर लॅपटॉप उघडा ठेवून बसायचं का?

नका बसू. कनेक्शन तुटलं की तिकडचा टर्मिनल जातो, आणि टर्मिनल गेला की त्यात चाललेल्या प्रोग्रामना 'फोन ठेवला' असा सिग्नल मिळतो, हँगअप, नाव खरोखर टेलिफोनच्या जमान्यातलंच आहे, आणि बहुतेक प्रोग्राम तो मिळाला की मरतात. तर टर्मिनलच सर्व्हरवर ठेवायचा, त्यासाठी टीमक्स नावाचा प्रोग्राम. लॉगिन केल्यावर टीमक्स न्यू डॅश एस बॅकअप, त्यात काम सुरू करा, मग कंट्रोल-बी आणि डी दाबून बाहेर या आणि लॅपटॉप मिटून झोपा. सकाळी टीमक्स अटॅच डॅश टी बॅकअप केलं की पडदा जसाच्या तसा समोर. लक्षात ठेवा, टीमक्स सर्व्हरवर चालू करायचं, लॅपटॉपवर नाही, लॅपटॉपवर चालू करून त्यात एसएसएच केलं तर काही उपयोग नाही. (हसू नका, मी केलंय.)

टीमक्स नसेल तर नोहपने (हँगअपकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) भागतं, पण आउटपुट, एरर आणि इनपुट तिन्ही फाइलकडे किंवा डेव्ह नलकडे (लिनक्सची कचरापेटीच म्हणा) वळवा, नाहीतर शेवटी अँड लावूनही एसएसएच सुटतच नाही. आणि नुसतं रिकामं बसल्यावर कनेक्शन जात असेल तर कॉन्फिगमध्ये सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६० टाका, मधला राउटर झोपी जात नाही.

प्रश्न: एसएसएच केलं तर एवढी मोठी चौकट आली की रिमोट होस्टची ओळख बदललीये, कुणीतरी मध्ये बसून ऐकत असेल. सहकारी म्हणतो ती नोनहोस्ट्स फाइलच उडव. उडवू?

अख्खी फाइल अजिबात नका उडवू, तुम्ही आजवर ज्या ज्या सर्व्हरवर गेलात त्यांच्या ओळखीच्या नोंदी त्यात असतात. सर्व्हर परत इन्स्टॉल झालाय का किंवा तोच आयपी दुसऱ्या मशीनला दिलाय का, एवढं त्या सर्व्हरवाल्याला आधी फोन करून विचारा. हो म्हणाला तर त्याला सर्व्हरच्या समोर बसून एसएसएच-कीजेन डॅश एलएफ आणि पुढे सर्व्हरच्या पब्लिक कीची फाइल द्यायला सांगा, तो जो फिंगरप्रिंट वाचून दाखवेल तो तुमच्या स्क्रीनवरच्याशी जुळतो का बघा, आणि जुळला तरच एसएसएच-कीजेन डॅश आर (मोठा आर) सर्व्हरचंनाव करून तेवढी एकच नोंद काढा. तो म्हणाला 'छे, मी काहीच बदललं नाही', तर पासवर्ड टाइप करू नका.

प्रश्न: रिमोट सर्व्हरवर फायरवॉल बदलताना स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं. असं होऊ नये म्हणून काय करता तुम्ही?

आधी माझी कहाणी ऐका. दोन खिडक्या उघड्या होत्या, डावीकडे टेस्टिंगचा सर्व्हर, उजवीकडे खरा चालू असलेला, आणि मी रीबूट मारलं उजवीकडे, ऐन कामाच्या वेळी. प्रॉम्प्टवर नाव लिहिलेलं होतं हो, पण वाचतं कोण! तेव्हापासून खऱ्या सर्व्हरचा प्रॉम्प्ट मी लाल रंगाचा ठेवते, आणि डेबियन-उबुंटूवर मॉली-गार्ड टाकते. एसएसएचमधून रीबूट किंवा शटडाउन केलं की ते विचारतं, या मशीनचं नाव टाइप करा, चुकलं तर रीबूट होत नाही. नावामागची गोष्ट गोड आहे, एका प्रोग्रामरची मॉली नावाची छोटी मुलगी एकाच दिवसात दोनदा मेनफ्रेमचं (मोठ्या कॉम्प्युटरचं) लाल बटण दाबून आली होती, मग त्या बटणावर झाकण बसवलं, त्या झाकणाचं नाव मॉली-गार्ड.

फायरवॉलसाठी माझा नियम एकच, आधी परतीची वाट. टीमक्समध्ये स्लीप ३०० आणि त्यापुढे जुने नियम परत लावायची कमांड सुरू करायची, मग नवे नियम लावायचे, आणि तिसऱ्याच खिडकीतून नवीन लॉगिन होतंय का बघायचं. झालं तर ती परतीची कमांड मारून टाकायची, नाही झालं तर पाच मिनिटं गप्प बसायचं, सर्व्हर आपोआप दार उघडतो. उघडी असलेली जुनी खिडकी तोपर्यंत बंद करायची नाही. एसएसएचचा स्वतःचा कॉन्फिग बदललात तर रीस्टार्टच्या आधी एसएसएचडी डॅश टी चालवा, स्पेलिंगची चूक असेल तर ते तिथेच सांगतं. रीस्टार्ट केल्यावर चालू असलेलं सेशन सहसा तुटत नाही म्हणून लोकांना वाटतं सगळं ठीक आहे, आणि मग ते लॉगआउट करतात.

प्रश्न: सेशन अडकलं की कंट्रोल-सी पण चालत नाही, दर वेळी टर्मिनलच बंद करावा लागतो.

कंट्रोल-सी पण तिकडेच जातं ना, आणि तिकडे तर कुणी ऐकत नाहीये. एंटर दाबा, मग ~ आणि मग टिंब. हे तिघं इकडचं एसएसएच स्वतः ऐकतं आणि कनेक्शन सोडून देतं.